मिसेस टॉडहंटर, अमीधारा सोसायटी

दुसऱ्याच्या चारित्र्याची चौकशी करणं हा माझा स्वभाव नाही. छत्तीस वर्षं मी नडियादमध्ये कॉलेजात इंग्रजी शिकवलं, पण स्टाफरूममध्ये शेजारच्या खुर्चीत कोण कोणाबद्दल काय बोलतंय याकडे कधी कान दिला नाही. तरीही गेल्या वर्षी अमीधारा सोसायटीतल्या निम्म्या बायका मला पाहून रस्ता बदलू लागल्या, टपाल खात्यात एक चौकशी उघडली गेली, आणि जी बाई कधी जन्मालाच आली नव्हती तिच्याबद्दल मला जबाब देण्याची वेळ आली. हे सगळं एका कादंबरीमुळे झालं. वाचनानं माणसाचं आयुष्य बदलतं, असं मी वर्गात दरवर्षी सांगत असे. ते कोणाकोणाचं बदलतं याची मात्र मला कल्पना नव्हती.

सुरुवात केली कोकिलाबेननी. मागच्या गल्लीत त्यांचं तीन मजली घर आहे. भाचीच्या लग्नात नेसावी तशी साडी नेसून त्या एका सकाळी आमच्या दारात उभ्या राहिल्या. मागे त्यांची सून भाविनी, नजर आमच्या फरशीवर.

"साहेब, हिचं तोंड उघडून द्या," कोकिलाबेन म्हणाल्या.

मी दाताचा डॉक्टर नाही हे मी नम्रपणे सांगितलं.

"इंग्रजीत म्हणते मी. केयूर माझा लेस्टरला, इंग्लंडात. लग्नाला दीड वर्ष झालं. व्हिसासाठी हिनं इंग्रजीची परीक्षा दोनदा दिली. लिहिण्यात पास, वाचण्यात पास, ऐकण्यात पहिला नंबर. बोलायला बसली की मुकी!"

"समोर गोरा माणूस बसला की होतं असं पुष्कळांचं," मी धीर दिला.

"कसला गोरा! आपल्या आणंदचाच होता. टाय बांधला होता फक्त."

भाविनीनं मान आणखी खाली घातली. मी तिला इंग्रजीत नाव विचारलं. तिचे ओठ हलले. आवाज आला तो रंजनच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या, कुकरच्या शिट्टीचा.

"तीन महिन्यांनी तिसऱ्यांदा आहे," कोकिलाबेन म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज जरा उतरला. "या वेळी नाही झालं तर केयूर म्हणतो, सगळं सोडून परत येतो. घर घेतलंय हो त्यानं तिकडे. नोकरी पक्की झालीय. पोरीपायी पोराचं सगळं पाण्यात जाईल."

आता नडियाद-आणंदच्या या चरोतरात, जिथं घराघरातलं कोणीतरी परदेशी असतं, कोणाला इंग्रजी शिकवायला नाही म्हणणं म्हणजे तहानलेल्याला छास, म्हणजे ताक, नाकारण्यासारखं. मी हो म्हणालो. इथवर कोणाचीच चूक नव्हती.

बातमी फुटली आणि सल्ले सुरू झाले. सोसायटीचे सेक्रेटरी कनुभाई, एका शाळेतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले, म्हणाले, "पन्नास प्रश्नोत्तरं पाठ करून घ्या. माझ्या साडूच्या मुलीनं पन्नास पाठ केली होती. त्यांनी एक्कावन्नावा प्रश्न विचारला, हिनं सतराव्याचं उत्तर ठोकून दिलं. पास!" रंजन म्हणाली, "व्याकरण शिकवा, उगाच हुशारी करू नका." आमच्या दूधवाल्याचंही मत होतं, ते मी ऐकून घेतलं नाही.

कारण माझं स्वतःचं एक मत होतं, आणि छत्तीस वर्षांत ते अमलात आणायला कोणी दिलं नव्हतं. माणूस भाषा बोलतो कधी? त्याला काही म्हणायचं असतं तेव्हा. आणि म्हणायचं कधी असतं? दुसऱ्याच्या घरात काय चाललंय ते कळतं तेव्हा! म्हणजेच कादंबरी. मी कपाटातून एक जुनी, जाडजूड इंग्रजी कादंबरी काढली. चारशे साठ पानं, दीडशे वर्षांपूर्वीचं गाव, सगळे सज्जन वाईट वागणारे. तिच्यातली ठळक प्रकरणं सोप्या इंग्रजीत उतरवून मी झेरॉक्स काढल्या.

गोष्ट अशी. मिसेस टॉडहंटर नावाची श्रीमंत विधवा, तिच्याकडे राहणारी अनाथ पुतणी मिस विनिफ्रेड. विनिफ्रेडचं लग्न ठरतं मिस्टर पिल्बरोशी. पिल्बरो जहाजावर बसून परदेशी जातो आणि दर महिन्याला पत्र लिहितो. ती सगळी पत्रं टॉडहंटरबाई बिस्किटाच्या डब्यात लपवते. सात वर्षं! आणि घर सांभाळणारी मिसेस ग्रब सगळं पाहते, पण नोकरी जाईल म्हणून गप्प बसते.

वर्ग सोसायटीच्या कॉमन प्लॉटमधल्या हॉलमध्ये, आठवड्यातून तीन दिवस, संध्याकाळी पाच वाजता. विद्यार्थी चार. भाविनी. तिच्यावर लक्ष ठेवायला कोकिलाबेन. फरसाणवाले तुलसीभाई, वजन पंचाण्णव किलो, कारण हिवाळ्यात परदेशातून आलेली गिऱ्हाइकं इंग्रजीत भाव विचारतात आणि यांना आकड्यांखेरीज काही बोलता येत नाही. आणि रमणीकलाल, एस.टी.चे निवृत्त कंडक्टर, ज्यांचा नातू न्यूजर्सीहून फोनवर 'हाय दादा' म्हणतो आणि पुढचं यांना कळत नाही.

हॉलमध्ये फक्त इंग्रजी बोलायचं, असा फलक मी दारावर लावला. परिणाम असा झाला की दोन आठवडे हॉलमध्ये कोणीच काही बोललं नाही. पाच वाजता चौघं 'गुड इव्हनिंग सर' म्हणत आणि सहा वाजता 'थँक यू सर'. मधला एक तास मी बोलत असे. निवृत्तीनंतर मला आवडेल असा वर्ग मिळाला होता, पण त्यात शिकत होतो फक्त मी.

मग मी चिठ्ठ्या टाकल्या. प्रत्येकानं एक पात्र घ्यायचं आणि त्या पात्राबद्दल तीन गोष्टी शोधायच्या: ते काय बोलतं, काय करतं, आणि लोक त्याच्याबद्दल काय बोलतात.

"तिसऱ्यासाठी पुस्तक कशाला हवं?" तुलसीभाई नियम मोडून बोलले. "ते आमच्या दुकानात बसलं की फुकट कळतं."

कोकिलाबेनच्या चिठ्ठीत मिसेस टॉडहंटर निघाली. बंगल्याची मालकीण म्हटल्यावर त्या खूश झाल्या. पुढचं प्रकरण अजून व्हायचं होतं. भाविनीला विनिफ्रेड आली. पंचाण्णव किलोंचे तुलसीभाई प्रियकर पिल्बरो झाले आणि लाजले. रमणीकलालना मिळाली मिसेस ग्रब.

"साहेब, बत्तीस वर्षं खाकी घातलीय मी," ते ताठ होऊन म्हणाले. "मला बाई करता?"

"पात्र आहे ते, रमणीकभाई."

"पात्र असेल. आमच्या जावयाला कळलं तर?"

त्याच दिवशी कनुभाईंचा फोन आला. हॉलच्या वापराची नोंद सोसायटीच्या काळ्या फळ्यावर करावी लागते, काय लिहू? मी घाईत होतो. 'कॅरेक्टर स्टडी लिहा,' म्हणालो आणि फोन ठेवला. आता ज्या माणसानं एकतीस वर्षं शाळेत बसून मुलांना कॅरेक्टर सर्टिफिकिटं टाइप करून दिली, त्याला कॅरेक्टर या शब्दाचा एकच अर्थ ठाऊक असणार. दुसऱ्या दिवशी फळ्यावर सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं: 'चारित्र्याचा अभ्यास. सोम, बुध, शुक्र. सायंकाळी पाच. तपासणार: प्रा. नलिनकांत पंड्या.'

मला हे चार दिवस कळलंच नाही. मला एवढंच दिसत होतं की लोक अचानक फार आदरानं वागताहेत. एरवी मला पाहून मोबाइलमध्ये डोकं घालणारे उभे राहून नमस्कार करू लागले. समोरच्या गल्लीतली एक बाई गच्चीवर केस वाळवत होती, ती मला पाहून खाली बसली. एक गृहस्थ तर संध्याकाळी येऊन माझ्या कानाशी पुटपुटले, "बी-सातच्या भाडेकरूचं बघा जरा. माझं नाव नको." आणि मी काही विचारायच्या आत गेले.

रंजन भाजी घेऊन आली ती पिशवी आपटत.

"बायका मला विचारतात, रिटायर झाल्यावर पंड्यासाहेबांनी हे काय सुरू केलं? काय सांगू मी?"

"सांग, कादंबरी शिकवतात."

"कादंबरी शिकवणारा माणूस बी-सातच्या भाडेकरूच्या खिडकीकडे का बघतो?"

मी बघितलं होतं. पण एकदाच, आणि शुद्ध कुतूहलानं. मी कनुभाईंकडे गेलो आणि मला शक्य तेवढ्या संयमानं पात्र आणि चारित्र्य यांतला फरक समजावला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे ही माणसं खरी नाहीत?"

"नाहीत."

"मग त्यांच्या चारित्र्यानं कोणाचं काय बिघडतं? राहू दे फळा."

इकडे वर्गात पत्रांचं प्रकरण आलं आणि सगळ्यांचं रक्त तापलं. तुलसीभाईंना तर स्वतःची चौऱ्याऐंशी पत्रं पोचलीच नाहीत हे सहन होईना. ते दुकानात गाठिये तोलतातोलता इंग्रजीत सराव करू लागले, आणि भावना अनावर झाल्या की घरच्या भाषेवर येत. "अहो, बाईनं पत्रं लपवली! बिस्किटाच्या डब्यात! सात वर्षं!"

"कुठं हो?" गिऱ्हाईक विचारी.

"इथंच, आमच्या वर्गात!"

चरोतरात पासपोर्ट टपालानं येतो. त्यामुळे इथं टपालाइतकं पवित्र दुसरं काही नाही. डी ब्लॉकमधले जसुभाई दोन महिने पासपोर्टची वाट पाहत होते. त्यांनी पाव किलो गाठिये आणि ही बातमी एकदमच घरी नेली. तीन दिवसांत अर्ज तयार झाला, तेवीस सह्या झाल्या आणि अर्ज टपाल खात्याकडे गेलासुद्धा. मला यातलं काही माहीत नव्हतं. कनुभाई एकदा दारात कागद घेऊन आले होते खरे. पाण्याच्या टाकीचा असेल म्हणून मी सही केली. चष्मा आत होता.

त्या शुक्रवारी पाच वाजता वर्ग सुरू झाला तोच दारात एक गृहस्थ उभे राहिले. उंच, किरकोळ, काळा सूट, लाल टाय, काखेत फाइल.

"मी वाघेला. टपाल खात्याचा तपासनीस. लग्नाला जायचंय सातला, त्यामुळे हा वेष. मनावर घेऊ नका." त्यांनी फाइल उघडली. "श्रीमती टॉडहंटर कुठल्या घरात राहतात?"

मी म्हणालो, "कुठल्याच नाही."

"तक्रारीत लिहिलंय, 'श्रीमती टॉडहंटर, अमीधारा सोसायटी, या इतरांची पत्रं बिस्किटाच्या डब्यात सात वर्षं लपवून ठेवतात.' स्थलांतर केलं का त्यांनी?"

"साहेब, त्या दीडशे वर्षांपूर्वीच्या..."

"म्हणजे मयत. दाखला?"

"मेल्या नाहीत हो! जन्मल्याच नाहीत!"

वाघेलासाहेबांनी माझ्याकडे सरकारी सहानुभूतीनं पाहिलं. मग अर्ज माझ्यासमोर धरला. "पहिली सही आपलीच आहे. प्रा. नलिनकांत पंड्या. जी बाई जन्मलीच नाही तिच्याविरुद्ध आपण तक्रार केलीत?"

मी कादंबरी दाखवली. झेरॉक्स दाखवल्या. फळ्यावरच्या अर्थाचा अनर्थ सांगितला. ते सगळं ऐकून वाघेलासाहेब म्हणाले, "हे मला पटतं. पण फाइलला पटायला हवं. जबाब लागतील. टॉडहंटरचं काम कोण करतं?"

कोकिलाबेन उभ्या राहिल्या. चेहरा पांढराफटक. "मी. पण चिठ्ठीत निघालं होतं, साहेब. मी मागितलं नव्हतं."

"आणि पत्रं कोणाच्या नावाची?"

"मिस विनिफ्रेड," मी म्हणालो. "ही बसली आहे ती."

वाघेलासाहेबांची नजर दारावरच्या 'फक्त इंग्रजी'च्या फलकावर गेली. ते नियमाचे माणूस होते. त्यांनी टाय सारखा केला, पेन उघडलं, आणि भाविनीकडे पाहून सावकाश, स्वच्छ इंग्रजीत विचारलं, "तुमच्या नावाची पत्रं तुम्हाला मिळाली का?"

टाय बांधलेला अनोळखी माणूस, हातात पेन, समोर प्रश्न. ही तर परीक्षाच होती. भाविनी उभी राहिली. ओठ हलले. हॉलमधला पंखा एवढा आवाज करतो हे मला त्या दिवशी कळलं. कोकिलाबेननी डोळे मिटून घेतले.

"नाही," भाविनी म्हणाली.

मग ती बोलायला लागली. इंग्रजीत. तिचं इंग्रजी जसं होतं तसंच, चुकांसकट सांगतो.

"मला नाही मिळाला. एक पण नाही. पत्र येतो. रोज संध्याकाळी आठ वाजता येतो. मी ऐकते, येतो. पण ती पकडते. ती विचारते काय जेवला, ती हसते, ती रडते. मी मागे उभी. मला तो दिसत नाही. मला फक्त तिचा कान दिसतो. कानात कुडी आहे. दीड वर्ष मी कुडी बघते. शेवटी ती म्हणते, हात हलव. मी हात हलवते. पत्र संपला."

वाघेलासाहेबांचं पेन थांबलं. "टपाल संध्याकाळी आठला येतं?" ते हळूच मला विचारू लागले. मी त्यांना हातानं गप्प केलं. सरकारी माणसाला मी आयुष्यात प्रथमच गप्प केलं.

"ती वाईट नाही," भाविनी म्हणाली. आता ती कोणाकडेच पाहत नव्हती आणि सगळ्यांकडे पाहत होती. "ती मला गरम रोटली देते, ती स्वतः थंड खाते. मला ताप होता, ती झोपली नाही. पण पत्र माझा आहे! वर नाव माझा आहे! मी दोनदा परीक्षेत गेली. माणूस म्हणतो, बोला. मला वाटतो, मी बोलली तर ती काय म्हणेल? माझा आवाज मागे उभा राहतो. मी पण विनिफ्रेडसारखी सात वर्षं गप्प बसणार? नाही! डबा उघडा! देऊन टाका!"

"मी लिहिला!" तुलसीभाई खुर्चीसकट उठले. "मी दर महिना लिहिला! माझा हात दुखला!"

"मी पाहिला!" रमणीकलाल बसमधल्या आवाजात गरजले. "मी सगळा पाहिला! मी बोलली नाही! मला माफ करा!" जावई त्या क्षणी त्यांच्या मनातही नव्हता.

"तू का नाही बोलला?" तुलसीभाई त्यांच्या अंगावर धावले. "तू बोलला असता, आज माझा लग्न झाला असता!"

"माझा नोकरी गेला असता!"

सगळं इंग्रजीत! एकमेकांना थांबवत, पुरावे देत, पान नंबर सांगत! मी खडू हातात धरून उभा होतो. एकाही वाक्याचं व्याकरण धड नव्हतं आणि मी इतका सुखी कधी नव्हतो.

मग हळूहळू सगळ्यांचं लक्ष गेलं, कोकिलाबेन अजून उभ्याच होत्या. त्यांचा हात नकळत कानाकडे गेला होता. कुडीवर बोट टेकवून त्या सुनेकडे पाहत होत्या. इंग्रजी कळायला त्यांना वेळ लागे, पण 'इयर' हा शब्द आम्ही दुसऱ्याच धड्यात केला होता. मला वाटलं, आता स्फोट होणार. भाविनीलाही तेच वाटलं असावं, कारण आपण काय बोललो हे तिला आत्ता कळत होतं.

"साहेब," कोकिलाबेन वाघेलासाहेबांकडे वळल्या, "किती मिनिटं बोलली ही?"

वाघेलासाहेबांनी घड्याळ पाहिलं. "साधारण साडेतीन."

"परीक्षेत किती लागतात?" हे मला.

"दोन."

"म्हणजे दीड मिनिट जास्त!" कोकिलाबेन ओरडल्या. "बोलली हो! माझी भाविनी बोलली! मला बोलली, पण बोलली!" आणि त्यांनी सुनेला मिठी मारली. दोघी रडत होत्या. तुलसीभाई रडत होते. रमणीकलाल भिंतीकडे तोंड करून नाक पुसत होते.

जरा वेळानं कोकिलाबेननी पर्समधून मोबाइल काढला आणि भाविनीच्या हातात ठेवला. "आज आठला केयूरचा फोन तू उचल. मी स्वयंपाकघरात असेन." मग पर्स बंद करत म्हणाल्या, "दार उघडं ठेव फक्त."

"मम्मी, तुम्ही पण बोला ना नंतर."

"बोलीन. आधी तू बोलून घे. आता काय, तुला थांबवणार कोण?"

वाघेलासाहेबांनी फाइलमध्ये लिहिलं: 'सदर टपाल संबंधित मुलीच्या हाती समक्ष दिलं गेलं. तक्रार निकाली.' मग खुर्ची पुढे ओढून बसले. "लग्न जेवणाच्या वेळेला गाठलं तरी चालतं. त्या पिल्बरोचं पुढं काय झालं?" पुढच्या बुधवारी ते साध्या कपड्यांत आले आणि शेवटच्या बाकावर बसले. जसुभाईंचा पासपोर्ट त्यांच्याच देवघरात सापडला. त्यांच्या पत्नीनं शुभ म्हणून तो देवीपुढे ठेवला होता आणि सांगायचं राहून गेलं होतं. जसुभाई मला आठवडाभर टाळत होते. मी मोठ्या मनानं टाळू दिलं.

परीक्षा अहमदाबादला झाली. टाय बांधलेल्या माणसानं भाविनीला सांगितलं, घरातल्या एखाद्या वडीलधाऱ्या व्यक्तीबद्दल दोन मिनिटं बोला. दोन मिनिटं झाल्यावर त्यानं तिला थांबवलं. ती थांबली नाही. त्यानं पुन्हा थांबवलं. 'अजून चांगल्या गोष्टी सांगायच्या राहिल्या आहेत,' असं तिनं त्याला सांगितलं म्हणे. बाहेर कोकिलाबेन डब्यात बेसनाची मिठाई, मगस, घेऊन बसल्या होत्या.

दहाव्या दिवशी निकाल लागला. पहिल्यांदा ओरडण्याचा आवाज आला मागच्या गल्लीतून, मग पायांचा. कोकिलाबेन आमच्या दारात आल्या त्या एका पायात चप्पल नसलेल्या. मागून भाविनी मोबाइलवर केयूरशी इंग्रजीत बोलत, मध्येच माझ्याकडे कॅमेरा फिरवत, "हे सर! हे आमचे सर!" रंजननं देवापुढे साखर ठेवली आणि मग माझ्याही हातावर ठेवली, जी डॉक्टरांनी बंद केली होती. तुलसीभाईंनी दुकान बंद करून टोपलीभर फाफडे आणि जिलेबी हॉलमध्ये आणली. रमणीकलालांनी नातवाला फोन लावून अख्खी बातमी इंग्रजीत सांगितली आणि नातू पलीकडून म्हणाला, 'वाव दादा!' दादांनी ते वाव आम्हा प्रत्येकाला स्वतंत्रपणे सांगितलं. कनुभाईंनी सोसायटीच्या फळ्यावर रंगीत खडूनं लिहिलं: 'अमीधारा सोसायटीचं अभिनंदन. भाविनीबेन बोलण्यात पास.' आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "पन्नास प्रश्न पाठ करून घेतलेत ना?" मी एक फाफडा उचलून तोंडात टाकला. जिंकलेल्या माणसानं वाद घालू नये.

दोन महिन्यांनी भाविनी लेस्टरला गेली. विमानतळावर आम्ही सगळे गेलो होतो, वाघेलासाहेबसुद्धा. त्यानंतरच्या सोमवारी मी हॉल उघडला तेव्हा मला वाटलं होतं, कोकिलाबेन काही आता येणार नाहीत. सून गेली, पहारा संपला. पण पाच वाजता त्या आल्या आणि आपल्या नेहमीच्या जागी बसल्या. शेजारची खुर्ची रिकामी होती. तिच्यावर त्यांनी पर्स ठेवली.

त्या दिवशी शेवटचं प्रकरण होतं. टॉडहंटरबाई आजारी पडते, पत्रांचा डबा स्वतः विनिफ्रेडच्या हाती देते आणि त्याच रात्री मरते. तुलसीभाई टेबलावर मूठ आपटून इंग्रजीत म्हणाले, "ही बाई राक्षस आहे!" वाघेलासाहेबांनी मान डोलावली. रमणीकलालांनीही.

कोकिलाबेन उठल्या. त्यांनी कागद घेतला नव्हता.

"नाही," त्या इंग्रजीत म्हणाल्या. एकेक शब्द जागेवर ठेवत. "राक्षस नाही. घर मोठा आहे. तीन मजला. एक मुलगी आहे. पत्र येणार, मुलगी जाणार. मग संध्याकाळी कोणाशी बोलणार? म्हणून तिनं लपवली. चूक केली. खूप मोठा चूक. पण मला माहिती आहे का केली." मग सरळ उभ्या राहून म्हणाल्या, "आणि ती पत्र देते, तेव्हा ती मरत नाही. पुस्तकात चूक लिहिला आहे. ती पत्र देते, आणि दुसरा दिवशी ती वर्गात येते."

तुलसीभाईंनी टेबलावरची मूठ हळूच उघडली.

"सर," रमणीकलाल शेवटी म्हणाले, "चुका किती झाल्या बेनच्या?"

मी मोजल्या नव्हत्या. ही कादंबरी मी चोवीस बॅचना शिकवली होती, आणि टॉडहंटरबाईवर दर वर्षी तेच आठ मुद्दे फळ्यावर उतरवून दिले होते. नववा मला कधी सुचला नव्हता. मी खडू खाली ठेवला, खिशातून पेन काढलं, कोकिलाबेनसमोरच्या बाकावर जाऊन बसलो आणि म्हणालो, "बेन, पुन्हा एकदा सांगा. सावकाश. मला लिहून घ्यायचंय."